जनीची झोप

डोळ्यांतला मोतीबिंदू काढल्यापासून मी पुन्हा लिहू-वाचू लागलो आहे. मराठी चौथी पास झालेला माणूस मी. पस्तीस वर्षं तांडेलकी केली, म्हणजे होडी कुठे न्यायची, जाळं कुठे सोडायचं आणि माणसं जिवंत घरी कशी आणायची हे ठरवायचं काम केलं. वाचनाचा संबंध आला तो पंचांगापुरता. तरी आज लिहायला बसलो, कारण सातपाटीत नि शिरगावात माझ्या वयाची माणसं मला वाटेत गाठतात. "धर्मा, तुजी झोप गेली होती म्हनतात. मग काय केलंस तू?" असं हळूच विचारतात. झोप जाणं म्हणजे चोरीचा माल असावा, तसं कुजबुजत विचारतात.

मी काय केलं, हे रस्त्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. आणि सांगितलं तर ते ऐकून कुणाला बरं वाटेल असंही नाही. पण ज्याचं जळतं त्याला कळतं. ज्यांचं जळतंय त्यांनी तरी वाचावं.

पाण्याची झोप

आमच्या खाडीत पाणी असेल तेव्हाच होडी हलते. पाणी नसलं की ती गाळात कुल्यावर बसते, मग प्रत्यक्ष देव येऊन ढकलो, हलायची नाही. त्यामुळे आमचं घड्याळ म्हणजे तिथी. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीचा तास निघतो. चतुर्थीला तीन वाजता पाणी भरणार, अष्टमीला सहा वाजता. रोज पाऊण तास पुढे. शेतकरी सूर्य मावळला की झोपतो. मी भरतीच्या चार तास आधी झोपायचो, मग ती दुपार असो की मध्यरात्र. आडवा झालो की पाचव्या श्वासाला मी गेलेला असायचो.

आणि पाणी भरलं की जनी उठवायची. जनी म्हणजे माझी बायको, जनाबाई. हात लावायची नाही, हलवायची नाही. दारातून फक्त म्हणायची, "पानी आलं." त्या दोन शब्दांवर मी ताडकन उठून बसायचो. तिला कोण उठवायचं, हे पस्तीस वर्षांत माझ्या मनात आलं नाही.

मग डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं. शिडाची होडी गेली, मुलाने, काशिनाथने, मशीनची बोट आणली. तो म्हणाला, "बाबा, लय केलंस. आता घरी बस नि पोटभर झोप." मलाही वाटलं, चला, आता कुणी उठवणार नाही.

पहिला महिना बरा गेला. नंतर झोप पातळ झाली. नंतर तुकडे पडले. आणि त्या पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असताना, ती गेलीच. डोळ्याला डोळा लागेना. भुकेला कोंडा नि निजेला धोंडा म्हणतात. मला काशिनाथने कापसाची गादी करून दिली होती. गादीवर मी होतो, नीज नव्हती.

घोरण्यावरून

पहिल्या दिवसांत लोकांना गंमत वाटते. आम्हालाही वाटली. जायफळ उगाळून झालं, म्हशीचं दूध झालं, तळपायाला काशाच्या वाटीने खोबरेल चोळून झालं. जनी सकाळ-संध्याकाळ तेल चोळायची. तिचे हात बर्फाने नि खाऱ्या पाण्याने खरबरीत झालेले, त्यामुळे वाटी नसती तरी चाललं असतं. मी तसं म्हटलं की हसायची.

मग हसणं संपलं. दिवसभर डोक्यात कापूस भरल्यासारखं. सुनेचं, मंजुळेचं, नाव चटकन आठवेना. जाळं विणायला घेतलं तर गाठ चुकू लागली, आणि गाठ चुकली म्हणून मी जाळं फेकून देऊ लागलो. आमच्या अंगणाला लागून बोंबील वाळवायच्या वलांड्या आहेत. तिथे बायका बोलत होत्या म्हणून एकदा मी थाळी भिरकावली. ती मंजुळेच्या पायाला लागली. तिने थाळी उचलून ठेवली. चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

सगळ्यांत वाईट मी जनीशी वागलो. ती पहाटे उठून बंदरावर मासळी घ्यायची, पाटी डोक्यावर घेऊन एस.टी.ने पालघरच्या बाजारात जायची, दुपारी परत यायची. दमलेली बाई पडली की घोरायची. तरुणपणापासून घोरायची. मला ते कधी ऐकू आलं नव्हतं, कारण मीच आधी झोपलेला असायचो. आता ऐकू येऊ लागलं. एका सकाळी मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हिच्या घोरण्यानं माझी झोप उडाली. मशीनची बोट परवडली."

काशिनाथ हसला. जनीने डोक्यावर चुंबळ ठेवत विचारलं, "एवढी घोरते मी?"

"भोंगा वाजतो नुसता."

त्या दिवसानंतर ती घोरली नाही. माझी खाट ओटीवर, तिचं अंथरूण आतल्या खोलीत, मध्ये उघडं दार. आतून आवाज बंद झाला. मला वाटलं, कुशीवर झोपायला शिकली. एखाद्या बाईला झोपेत न घोरणं कसं जमेल, हा विचार मला शिवला नाही. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात. सोंग ओळखताही येत नाही, हे मी माझं त्यात घालतो.

डॉक्टरांचा दिवस

शेवटी जनीनेच मला पालघरला डॉक्टरांकडे नेलं. पाटी ओळखीच्या बाईकडे ठेवून ती माझ्याबरोबर बाकावर बसली. तिच्या लुगड्याला मासळीचा वास होता. शेजारची बाई सरकून बसली, तशी जनी आणखी ऐसपैस बसली.

डॉक्टर भले माणूस होते. छाती बघितली, नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली. म्हणाले, "मोतीबिंदू आहे, तो पिकला की काढू. बाकी प्रकृती दणकट आहे. म्हातारपणी झोप कमीच होते, तांडेल."

मी म्हणालो, "कमी नाय डॉक्टर, संपली."

"कसली काळजी वाटते का?"

"काळजी वाटायला डोकं जाग्यावर लागतं."

ते जनीकडे वळले. "आणि तुम्ही? तुम्हाला लागते का झोप?"

जनी म्हणाली, "मला काय धाड भरली? मी मेल्यासारकी झोपते."

मला आजार आहे असं ऐकायचं होतं. आजाराला नाव असतं, नावाला औषध असतं. डॉक्टरांनी वयाचं नाव घेतलं. वयाला काय औषध देणार? तरी त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. "रोज झोपायच्या वेळेला एक. थोडे दिवस घ्या, मग परत या."

झोपायच्या वेळेला. एवढंच म्हणाले. पालघरच्या माणसाला त्यात काही विचारण्यासारखं वाटलं नसतं. मलाही वाटलं नाही.

गोळी आणि गाळ

झोपायची वेळ म्हणजे भरतीच्या चार तास आधी. मला दुसरी वेळ माहीतच नव्हती. प्रतिपदेला गोळ्या सुरू केल्या. भरती पाऊण वाजता, म्हणजे गोळी रात्री पावणेनऊला. घेतली आणि खरंच झोपलो. सहा तास! सकाळी मी मंजुळेला नावाने हाक मारली. जनीने देवापुढे नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला. तिसऱ्या दिवशी सव्वादहाला. रोज पाऊण तास पुढे. जनीला त्यात वावगं वाटलं नाही, काशिनाथलाही नाही. कोळ्याच्या घरात पाणी पुढे सरकतं तशी नीज पुढे सरकते, त्यात विचारायचं काय? अष्टमीला मी गोळीसाठी रात्री दोनपर्यंत घड्याळाकडे बघत बसलो. एकादशीला पहाटे सव्वाचारला घेतली.

पुढचं मला लोकांनी सांगितलं तेवढंच ठाऊक. उजाडता उजाडता मी खाटेवरून उठलो. पाणी भरत होतं, सव्वाआठची भरती. गोळी रक्तात, माणूस अर्धा झोपेत, पण पाय पस्तीस वर्षांचे शिकलेले. ते मला सरळ खाडीवर घेऊन गेले. मी गाळात उतरलो आणि नसलेली होडी ढकलायला लागलो. मांड्यांपर्यंत रुतलो. पाणी कमरेकडे येत होतं. मी खलाशांना शिव्या घालत होतो म्हणे, जोर लावत नाहीत म्हणून. त्यांतले दोघे मरून दहा वर्षं झाली होती.

जनी बंदरावर मासळी घेत होती. तिने पाटी टाकली नि गाळात उतरली. मागून दोन पोरं फळी घेऊन आली. मला आठवतो तो तिचा चेहरा, अगदी जवळ. गाळ कपाळापर्यंत.

"आवो, होडी कुटं हाय? होडी नाय आता. काशिनाथ बोट घेऊन गेला. घरी चला."

"पानी आलं ना?" मी विचारलं.

"मी सांगितलं का तुमाला? मी सांगितल्याबिगर कसं आलं पानी? चला."

माझ्या छातीत थंडी भरली, म्हणून पाच दिवस पालघरला दवाखान्यात ठेवलं. तिथली नर्स पहाटे पाचला दिवा लावून सगळ्यांना उठवायची आणि मला विचारायची, "झोप लागली का, बाबा?" शेजारच्या खाटेवर डोंगराकडचा एक शेतकरी होता, पायाला जखम झालेला. तो म्हणायचा, "मी घरी असतो तं रान राखाया जागतो. हितं राखाया काय नाय, तरी तुमी जागता?" आणि लगेच झोपायचा. त्याचा मला राग आला नाही. त्या पाच दिवसांत तेवढंच एक बरं बोलणं कानावर पडलं.

डॉक्टरांना गोळीची हकिगत सांगितली तेव्हा ते आधी हसले. मग म्हणाले, "चूक माझीही आहे. घड्याळाची वेळ सांगायला हवी होती." गोळ्या बंद केल्या. आगीतून निघून मी फुफाट्यात आलो.

दाराची कडी

घरी आल्यावर काशिनाथने ओटीच्या दाराला रात्री कुलूप लावलं. मी रात्रीचा बाहेर जायचो, खरं आहे. पाणी कुठवर आलंय ते ऐकायला जायचो, जागा माणूस काय करणार? आता मी पूर्ण शुद्धीत असायचो, पण मुलाला कोण समजावणार? कुलूप बघितलं आणि मी घर डोक्यावर घेतलं. "मी काय चोर हाय? स्वतःच्या घरात मला कोंडता?" शेजारी गोळा झाले. काशिनाथ रडायच्या घाईला आला.

जनीने कुलूप काढून त्याच्या हातात दिलं. म्हणाली, "माणसाला कोंडायचं नाय. मी बगते काय ते."

काय बघते, हे मी विचारलं नाही. मला माझा विजय झाल्यासारखं वाटलं.

त्यानंतरची दोन वर्षं सांगण्यासारखी नाहीत, पण ज्याला हा त्रास आहे त्याला मी खोटं सांगणार नाही. ती दोन वर्षं मला मरण बरं वाटायचं. दुखत काही नाही, त्यामुळे कण्हायची सोय नाही. ताप नाही, त्यामुळे कपाळावर कुणी हात ठेवत नाही. जेवण समोर आलं की जेवायचं, उन्हात बसवलं की बसायचं. घरात सगळे चवड्यांवर चालायचे. आपल्यामुळे घरातली माणसं हळू बोलतात, हे बघणं फार वाईट. मी मेलो तर निदान ही मोठ्याने बोलतील, असं वाटायचं.

त्या सुमाराला तारापूरला विजेच्या मोठ्या प्रकल्पाचं बांधकाम सुरू झालं होतं. मंजुळेचा भाऊ तिथे पाळीत कामाला लागला. रात्रपाळी करून तो एकदा बहिणीकडे आला आणि भर दुपारी, ओटीवर, चटईवर पडला. तोंड उघडं, एक हात डोक्यामागे, अंगावर माशा. बाजूने बायका ये-जा करत होत्या, पोरं किंचाळत होती, नि हा ढाराढूर. मी त्याच्या उशाशी जाऊन बसलो आणि बघत राहिलो. उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो, तसा. पोरांना मी हाकललं, बायकांना गप्प केलं. तो उठेपर्यंत तीन तास मी माशा वारत बसलो.

जनीने येऊन बघितलं. ती दाराला टेकून उभी राहिली. म्हणाली, "दुसऱ्याची झोप राकत बसलात?"

मी म्हणालो, "झोपलेल्या माणसाला उठवणं म्हणजे पाप आहे, जने. मला कुणी एवढी झोप देवो, मी त्याचे पाय धरीन."

तिचे डोळे लाल होते. मला वाटलं, चुलीच्या धुराने.

रोज सकाळी मी तिला विचारायचो, "झोपलीस?" आणि ती रोज म्हणायची, "मेल्यासारकी." मला त्याचा हेवा वाटायचा. खरं तेच लिहितो. मला माझ्या बायकोच्या झोपेचा हेवा वाटायचा, आणि ती झोप नव्हतीच.

त्या सकाळी

उजाडलं होतं. काशिनाथ दोन दिवसांपूर्वी बोट घेऊन गेला होता, त्या दिवशी संध्याकाळी येणार होता. मी तोंड धुवायला म्हणून ओटीचं दार उघडलं, आणि बोटांना काहीतरी लागलं. कडीला सूत बांधलेलं होतं.

डोळ्यांना दिसत नव्हतं, पण बोटांना सूत कळतं. नायलॉनचं, जाळ्याचं, नवीन. मी दार बाहेर ढकललं तशी त्याला ओढ लागली. मी सूत बोटांमधून सरकवत मागे मागे आलो. ओटीवरून, माझ्या खाटेच्या कडेने, उंबऱ्यावरून आतल्या खोलीत. ते जनीच्या पायाच्या अंगठ्यापाशी संपलं. अंगठ्याला दोन वेढे, वर आमची गाठ. वेढ्यांखाली कातडी राठ झालेली, घट्टा पडलेला. असा घट्टा एका दिवसात पडत नाही.

आमच्यात गळाची दोरी अंगठ्याला बांधून डुलकी घेतात. मासा लागला की अंगठ्याला ओढ बसते आणि माणूस जागा होतो. जनीने मला गळाला बांधून ठेवलं होतं. मी दार उघडलं की तिला कळायचं. मी परत येऊन खाटेवर पडेपर्यंत ती जागी असायची, आणि मी एका रात्रीत सहा वेळा उठायचो. रात्री दार नुसतं लोटलेलं असायचं, कडीला माझा हात जायचा नाही, आणि सकाळी कळू नये म्हणून उजाडायच्या आत ती सूत सोडून ठेवायची. दोन वर्षं.

आज तिने सोडलं नव्हतं, कारण आज ती झोपली होती. आणि ती घोरत होती. मोठ्याने, लांब, तरुणपणी घोरायची त्याहून मोठ्याने.

मी तिथेच जमिनीवर बसलो. मला रडू आलं. मग मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. झोपली! बिचारी एकदाची झोपली! मी गाठ सोडली नाही, तिला धक्का लागेल म्हणून. कात्रीने सूत हलकेच कापलं.

मंजुळा आत येत होती. तिला मी दारातच थांबवलं. "आवाज करू नको. तुझी सासू झोपली आहे."

"पन बाजार? एस.टी. जाईल."

"जाऊ दे एस.टी. आज तिला कुणी उठवायचं नाही."

वलांड्यांवरच्या बायकांना मी हात जोडून गप्प केलं. कोंबड्या हाकलल्या. आतल्या खोलीची खिडकी लावून घेतली. दहा वाजले, अकरा वाजले. मंजुळा दोनदा आली. दुसऱ्यांदा म्हणाली, "बाबा, आईंच्या तोंडातून लाळ गळते. कुशीवर बी वळल्या नाय. उटवूया का?"

मी तिच्यावर खेकसलो. "गाढ झोपेत गळतेच लाळ. तुम्हाला झोपेची किंमत काय कळणार? दोन वर्षांची झोप आहे ती. झोपू दे."

दुपारी मी तिच्याशेजारी जमिनीवर आडवा झालो. नुसता तिचा आवाज ऐकत. ज्या आवाजाला मी भोंगा म्हटलं होतं, तो आवाज. आणि मला झोप लागली. गोळीशिवाय, तेलाशिवाय, जायफळाशिवाय मी तीन तास झोपलो. इतकी गोड झोप मला तांडेलकीत असतानाही लागली नव्हती.

मला मंजुळेच्या ओरडण्याने जाग आली. जनीचा श्वास अडकत अडकत येत होता. काशिनाथ तेवढ्यात बंदरावरून आला. बर्फाचा ट्रक पालघरला निघाला होता, त्यातून जाऊन तो डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टरांनी तिच्या पापण्या उघडून बघितल्या, एक हात वर करून सोडला. हात पडला.

"कधीपासून अशा घोरताहेत?"

"सकाळपासून," मी म्हणालो.

"आणि उठवलं नाही?"

"झोपू दिली."

त्यांनी तिचा पडलेला हात उचलून तिच्या पोटावर ठेवला. मग म्हणाले, "तांडेल, ही झोप नाही. मेंदूत रक्त उतरलं आहे."

मी विचारलं, "सकाळी हाक मारली असती तर?"

"सांगता येत नाही." डॉक्टर खरं बोलणारे होते, म्हणून त्यांनी 'काही फरक पडला नसता' असं म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरत होतं, तेव्हा ती गेली.

काय केलं, ते

पुढे डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटून घरी आलो आणि पहिल्यांदा मी ते दार नीट बघितलं. चौकटीच्या लाकडात कडीखाली एक बारीक खाच पडली आहे, सूत घासून घासून. काशिनाथ म्हणतो दार बदलू. मी बदलू देत नाही.

झोप मला आता दोन-तीन तास लागते. कधी तेवढीही नाही. मी कुरकुर करत नाही. खाटेवर पडून राहतो, बाहेर जात नाही. मंजुळा आता मोठ्याने बोलते, मीच सांगितलं तिला.

एक गोष्ट मात्र मला कुणी सांगितली नाही आणि मी कुणाला सांगितली नाही, ती इथे लिहितो. त्या सकाळी मी दार ढकललं, तेव्हा सुताला ओढ बसली होती. दोन वर्षं ज्या ओढीने ती रात्रीतून सहा वेळा जागी झाली, त्या ओढीने ती त्या दिवशी जागी झाली नाही. दोरीला ओढ दिली आणि दुसऱ्या टोकाने काहीच हललं नाही, तर तांडेलाला कळायला हवं. पस्तीस वर्षं मी दुसरं काय केलं?

तेव्हा तुम्ही मला रस्त्यात विचारता, धर्मा, काय केलंस, तर हे केलं. औषध मला ठाऊक नाही. गोळी घेतलीत तर घड्याळ बघून घ्या, पाणी बघून घेऊ नका. आणि तुमची झोप गेली असेल, तर तुमच्यामुळे घरात आणखी कुणाची गेली आहे ते बघा. 'मेल्यासारखी झोपते' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आणि सकाळी त्या माणसाला हाक मारा. कितीही गाढ झोपलेलं दिसलं तरी मारा, खांदा धरून हलवा. मोडली झोप तर मोडू दे. चिडेल, दोन शिव्या घालेल. घालू दे. जनीने घातल्या असत्या, तर मी त्या उभा राहून ऐकल्या असत्या.